मणक्याचं दुसरं ऑपरेशन: किती जणांना लागतं, कशामुळे आणि केवढ्याला पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या विमा कक्षात ११ वर्षं काम केलं. त्याच काळात माझ्या आईच्या कमरेची दोन ऑपरेशनं झाली, त्यामुळे खिडकीच्या आत बसून कागद तपासलेत आणि बाहेर रांगेत उभं राहून घामही पुसलाय. आता ओळखीपाळखीतून लोक फोन करतात, व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे तिरके फोटो पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले. उपचाराचा निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा.

१. मणक्याचं ऑपरेशन एकदा केलं की पुन्हा करावंच लागतं, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. बहुतेकांना पुन्हा लागत नाही. पण ज्यांना लागतं त्यांची संख्या हसण्यावारी नेण्यासारखीही नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९० ते १९९३ या काळात कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ २५ हजार लोकांचा पुढे ११ वर्षं माग काढला गेला. त्यातल्या १९ टक्के लोकांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तिथल्याच ‘स्पोर्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात ८ वर्षांनंतरचं चित्र असं होतं: गादी सरकल्याचं ऑपरेशन झालेल्यांत सुमारे १५ टक्के, नसांची वाट अरुंद झालेल्यांत १८ टक्के, आणि मणका मणक्यावरून घसरलेल्यांत २२ टक्के लोकांवर पुन्हा ऑपरेशन झालं.

म्हणजे ढोबळमानाने पाचातल्या एकाला, तेही काही वर्षांच्या अवधीत. प्रत्येक सोसायटीत ‘मणक्याला हात लावू देऊ नका’ म्हणणारे एक काका असतात. त्यांना तो पाचवा माणूस भेटलेला असतो. बाकीचे चौघं सकाळी पर्वती चढत असतात, ते कशाला कोणाला सांगत बसतील?

हे आकडे तिथले आहेत, तुमच्या सर्जनचे नाहीत. त्यांना सरळ विचारा: ‘हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता, आणि त्यातले किती जण पुन्हा टेबलावर येतात?’ चांगले सर्जन या प्रश्नाने रागावत नाहीत.

२. दुसरं ऑपरेशन म्हणजे त्याच जागेवर पुन्हा, की मणक्यावर कुठेही?

दोन्ही त्यातच मोजतात. त्याच गादीवर पुन्हा, वरच्या-खालच्या मणक्यावर नव्याने, जखम धुवायला, सैल झालेला स्क्रू काढायला, सगळंच पुनर्शस्त्रक्रियेत धरलं जातं. ‘आज पाठीकडून, चार दिवसांनी पोटाकडून’ असं आधीच ठरवून दोन टप्प्यांत केलेलं मात्र धरत नाहीत. विम्यासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो, प्रश्न १२ पाहा.

३. पण पुन्हा लागतंच का? पहिल्यांदा नीट केलं नाही म्हणून?

काही वेळा तसं असतंही. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं, आणि ते ओळखायला घड्याळ कामाला येतं. त्रास *कधी* सुरू झाला, हे आधी बघायचं.

पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत पायातली ताकद गेली, तर आत रक्त साकळून नस दाबली गेली असण्याची शंका घेतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, तर जंतुसंसर्गाची. पाय एकदम मोकळा झाला होता, महिने छान गेले आणि एके दिवशी बादली उचलताना तीच कळ त्याच पायात उतरली, तर उरलेली गादी त्याच जागी पुन्हा बाहेर आली असण्याची शक्यता मोठी. स्पोर्ट अभ्यासात गादीच्या रुग्णांची जी पुन्हा ऑपरेशनं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त याच कारणाने होती. गादी काढताना सर्जन बाहेर आलेला तुकडा काढतात, अख्खी गादी नाही. बाकीची आतच असते आणि तिच्या कव्हराला भोक पडलेलं असतं.

स्क्रू-रॉड टाकलेल्यांचं वेगळं. वर्ष-दीड वर्षानंतर कमरेत खोलवर दुखणं, कूस बदलताना कळ येणं, हे हाड न जुळल्याचं लक्षण असू शकतं. स्क्रू आणि रॉड हा नुसता आधार असतो, खरा सांधा हाडानेच जुळायचा असतो. तो जुळला नाही तर धातूवर रोज ताण येतो, आणि धातूही शेवटी थकतो. आणि पाच-दहा वर्षांनी वरचा मणका कुरकुरायला लागतो, कारण खालचे दोन जखडल्यामुळे त्यांच्या वाट्याची हालचाल त्याच्या डोक्यावर आलेली असते.

राहिलं शेवटचं कारण, जे कोणालाच आवडत नाही: दुखणं मुळात तिथलं नव्हतंच. खुब्याचा सांधा झिजलेला, आणि ऑपरेशन झालं कमरेचं. अशी माणसं मी खिडकीतून पाहिली आहेत. त्यांचं दुसरं ऑपरेशनही मणक्याचंच झालं, तर पैसे दुसऱ्यांदा वाया.

४. स्क्रू-रॉड टाकून पक्कं केलं तर पुन्हा ऑपरेशनची भानगड राहत नाही ना?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एप्रिल २०१६ मध्ये एकाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, एकाच अंकात दोन अभ्यास आले आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली. स्वीडनमधल्या अभ्यासात नसांची वाट अरुंद झालेले २४७ रुग्ण होते, काहींचा मणका घसरलेला, काहींचा नाही. निम्म्यांची नस नुसती मोकळी केली, निम्म्यांना सोबत मणके जोडून दिले. सरासरी साडेसहा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन झालेले: जोडलेल्यांत २२ टक्के, नुसतं मोकळं केलेल्यांत २१ टक्के. फरक जवळजवळ शून्य, आणि जोडण्याचा खर्च मात्र बराच जास्त. दुसरा अमेरिकेतला अभ्यास छोटा होता, ६६ रुग्णांचा, सगळे मणका घसरलेले. त्यात ४ वर्षांत जोडलेल्यांपैकी १४ टक्के आणि नुसतं मोकळं केलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

वॉशिंग्टन राज्याच्या अभ्यासातही असंच निघालं होतं. घसरलेल्या मणक्यात जोडणीने पुनर्शस्त्रक्रिया कमी झाल्या, बाकीच्या आजारांत उलट थोड्या वाढल्या.

तेव्हा ‘स्क्रू टाकू का नको’ याचं उत्तर तुमचा मणका हलतोय का, यावर आहे. ते आडवं झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही. उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेला साधा एक्स-रे त्यासाठी लागतो. हा एक्स-रे काढलाच नसेल आणि स्क्रूचं एस्टिमेट हातात आलं असेल, तर तो आधी मागा.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या अभ्यासात नुसती नस मोकळी करण्याचं रुग्णालयाचं सरासरी बिल २३,७२४ डॉलर होतं, गुंतागुंतीच्या जोडणीचं ८०,८८८ डॉलर. जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती २.३ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर गेलेल्या. डॉलरचे रुपये करत बसू नका, तिथलं बिल आपल्याकडे लागू नाही. गुणोत्तर तेवढं लक्षात ठेवा.

५. तीन महिने झाले, अजून दुखतंय. म्हणजे ऑपरेशन फसलं?

लगेच तसं म्हणू नका. कशासाठी ऑपरेशन झालं होतं ते आठवा. नस दबल्याने पायात जाणाऱ्या कळेसाठी ते केलं असेल आणि ती कळ गेली असेल, तर काम झालंय, कंबर थोडी दुखत राहिली तरी. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, महिने लागतात, काहींचा थोडा राहतोच.

मी सगळ्यांना एक उद्योग सांगते. कोऱ्या कागदावर माणसाची पाठमोरी आकृती काढा. पहिल्या ऑपरेशनआधी जिथे दुखत होतं तिथे निळ्या पेनाने, आज जिथे दुखतंय तिथे लाल पेनाने रंगवा. हडपसरच्या एका काकूंनी असा कागद नेला. निळं डाव्या पोटरीत, लाल उजव्या जांघेत. सर्जननी तो कागद पाहून एमआरआयचं पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं आणि आधी खुबा फिरवून बघितला.

पूर्वी अशा रेंगाळलेल्या दुखण्याला ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणायचे. नावातच ‘फसलं’ होतं. आता तज्ज्ञांनी ते बदलून ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ केलंय. जुन्या फायलीवर पहिलं आणि नव्या फायलीवर दुसरं नाव दिसलं, तर दोन आजार समजू नका.

६. नव्या एमआरआयमध्ये पुन्हा ‘डिस्क बल्ज’, म्हणजे गादी फुगलीय, असं लिहिलंय. आता?

आता चहा घ्या. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत बल्ज सापडतो. रिपोर्टमधला शब्द आणि तुमच्या पायातली कळ एकाच नसेच्या असतील तरच त्याला अर्थ.

ऑपरेशननंतरच्या एमआरआयची आणखी एक गोम आहे. भरून आलेल्या जखमेचा व्रण आतही असतो, आणि साध्या एमआरआयमध्ये तो गादीच्या तुकड्यासारखा दिसू शकतो. हे दोन वेगळे ओळखायला शिरेतून औषध देऊन, म्हणजे कॉन्ट्रास्ट एमआरआय काढतात. व्रणात ते औषध चढतं, गादीच्या तुकड्यात सहसा चढत नाही. फरक महत्त्वाचा, कारण गादी काढता येते, व्रण कापला की त्याजागी नवा व्रण येतो. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन तपासतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा. स्क्रू असतील तर त्यांच्या आसपास चित्र धूसर येतं, म्हणून हाड जुळलंय का हे बघायला सीटी स्कॅन काढावा लागतो.

७. कधी थांबायचंच नाही?

लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, थंडी वाजून ताप आला, जखम वाहायला लागली. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा. दुसरं मत, एस्टिमेट, विमा, सगळं नंतर. अशा भरतीत कॅशलेसचे कागद दुसऱ्या दिवशी गेले तरी चालतात.

८. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च पहिल्यापेक्षा जास्त का? जागा तर तीच आहे!

जागा तीच असते म्हणूनच. पहिल्या वेळी सर्जनला सगळे पदर सुटे मिळतात. दुसऱ्या वेळी स्नायू, व्रण आणि नसेचं आवरण एकमेकांना चिकटलेलं असतं. ते सोडवण्यात वेळ जातो, आणि ऑपरेशन थिएटर तासावर चालतं. आवरण फाटून आतलं पाणी गळण्याचा धोका वाढतो. तसं झालं तर शिवायचं, वर चिकटवायचं महाग द्रव्य आणि आडवं पडून जास्तीचे दिवस. रक्त जास्त लागू शकतं. नसांवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग मशीन आणि ते चालवणारा माणूस येतो, त्याचं वेगळं बिल. आणि पहिल्या वेळी नुसती गादी काढली असेल, तर दुसऱ्या वेळी अनेकदा स्क्रू-रॉड येतात, मग इम्प्लांटचा आकडा एकटाच बाकीच्यांना मागे टाकतो.

त्यात एक बारीक गोष्ट आहे, जी कोणी सांगत नाही. जुने स्क्रू काढायचे असतील तर ते कोणत्या कंपनीचे, हे माहीत असावं लागतं. प्रत्येकाच्या डोक्याची खाच वेगळी, पान्हा वेगळा. माझ्या आईच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, ‘पहिले स्क्रू कुठल्या कंपनीचे?’ मी, विमा कक्षात बसणारी बाई, ब्लँक! पहिल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘स्क्रू ४, रॉड २’. शेवटी घरी जाऊन कपाटातली प्लास्टिकची पिशवी उपसली. जुन्या बिलाच्या मागे इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले सापडले, बारकोड, बॅच नंबर, सगळं. ते नसते तर तीन-चार कंपन्यांचे संच मागवून ठेवावे लागले असते, त्यांचं भाडं आमच्या बिलात लागलं असतं.

ते स्टिकर म्हणजे दागिन्याची पावती समजा. आज घरी गेलात की फोटो काढून ठेवा.

९. एस्टिमेट हातात आलं. त्यात काय बघू?

‘इम्प्लांट ॲट ॲक्च्युअल’ असं लिहिलं असेल तर ते एस्टिमेट अर्धवट आहे. किती स्क्रू, कोणती कंपनी, प्रत्येकी छापील किंमत किती, हे लिहून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. ती बातमी वाचून लोक मणक्याच्या स्क्रूलाही ती लागू आहे असं धरून चालतात. लागू नाही. छापील किमतीपेक्षा जास्त मात्र कोणी घेऊ शकत नाही.

मग विचारा: पॅकेज किती दिवसांचं, आयसीयू धरलंय का, आवरण फाटलं तर वाढीव किती, फिजिओ आणि पट्टा आत की बाहेर. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी लागतो, तोही जोडा.

१०. विमा कंपनी म्हणते, हा तुमचा जुना आजार आहे. बरोबर आहे का?

पॉलिसी कधी घेतली त्यावर. पॉलिसीआधीच्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, २०२४ आधी ती ४८ महिन्यांपर्यंत असायची. शिवाय बऱ्याच पॉलिसींत मणका, गादी, हर्निया, मोतीबिंदू अशांची वेगळी यादी असते आणि त्यांना ठरावीक महिने थांबावं लागतं, आजार नवा असला तरी. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

कंपनी बदलली तर पोर्टिंग करून बदला, म्हणजे झालेले महिने सोबत येतात. जुनी सोडून नवीन घेतली की पाटी कोरी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून सगळं चालतं, पण नोकरी सुटली की तेही सुटतं. आईवडिलांच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी त्याच भरवशावर बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात.

आणि फॉर्म भरताना पहिलं ऑपरेशन लिहा. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी लिहा.

११. पॉलिसी ५ लाखांची, बिल ४ लाखांच्या आत, तरी खिशातून ९० हजार गेले. कसे?

खोलीमुळे. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही ८,००० ची घेतली, ५ दिवस. खोलीतला फरक १५,००० रुपये, तो तुमचा. पण तेवढ्यावर भागत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतं असं धरून कंपनी तेही आठास पाच या प्रमाणात कापते. ते २ लाख असतील तर मान्य होतात सव्वा लाख, ७५,००० तुमचे. झाले ९० हजार.

इम्प्लांट, औषधं, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही. मणक्याच्या बिलात इम्प्लांट मोठं असतं, त्यामुळे तिथे कापलेलं दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

१२. एकाच वर्षात दोनदा ऑपरेशन झालं. विम्याची रक्कम पुन्हा भरून मिळते का?

‘रिस्टोरेशन’ असेल तर मिळते, पण काही पॉलिसींत त्याच आजारासाठी नाही. शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला तर तो एकच आजार धरतात. जखम धुवायला तीन आठवड्यांत पुन्हा भरती झालात, तर ते पहिल्याचंच शेपूट. दोन वर्षांनी वरच्या मणक्याला झालं तर ते नवं.

१३. विमाच नाही. पुण्यात काय सोय आहे?

आहे, पण एकाच खिडकीवर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, रेशन कार्ड आणि आधार लागतं. ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड निघतं. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्यालाच विचारा की *तुमचं* ऑपरेशन यादीत आहे का, आणि *हे* रुग्णालय त्यासाठी नोंदलेलं आहे का. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा. पुण्यातली कित्येक मोठी चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्ट आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलाच्या २ टक्के निधी बाजूला काढावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन भरतीच्या *आधी* समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, इम्प्लांटचे पैसे कोण देणार ते लेखी घ्या. ‘खाटा भरल्या’ असं उत्तर आलं तर ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारता येतं.

ससूनला विसरू नका. १८६७ पासून उभं आहे, सोबत वैद्यकीय महाविद्यालय आहे. गर्दी आहे, थांबावं लागतं, पण सासवड-बारामतीहून येणाऱ्या माणसाला तिथे तरी कोणी आधी डिपॉझिट मागत नाही. महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहरी गरीब योजनाही आहे.

१४. क्लेम नाकारला. आता कोर्ट?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, अट एवढीच की कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

१५. पहिलं फसलं तर दुसरं त्याच रुग्णालयाने फुकट करून द्यायला नको का?

मनात येतंच, पण कायदा तसं म्हणत नाही. गादी पुन्हा बाहेर येणं, हाड न जुळणं हे माहीत असलेले धोके आहेत, तुमच्या संमतीपत्रावर ते लिहिलेले असतात. ते घडले म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही. चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन झालं, स्क्रू नसेत गेला आणि दिसूनही लपवलं, ही गोष्ट वेगळी. त्यासाठी २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, पण दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत हाताशी हवं.

भांडायच्या आधी बोलून बघा. सर्जनची फी कमी करून घेणं पुष्कळदा जमतं. रुग्णालयाचं बिल कमी होणं कठीण.

१६. दुसरं मत घेतलं तर डॉक्टरांना राग येईल?

आला तर येऊ दे, पाठ तुमची आहे. केसपेपर, ऑपरेशनची नोंद, एमआरआयची सीडी मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागते. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. सर्जनने आत काय पाहिलं, ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ‘त्यांनी काय सांगितलं’ हे आधी सांगू नका, नुसते कागद आणि प्रश्न ५ मधलं चित्र समोर ठेवा.

१७. साखर आणि तंबाखूचा मणक्याशी काय संबंध?

साखर वाढलेली असेल तर जखमेत जंतू होण्याचा धोका वाढतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर बघितल्याशिवाय नियोजित ऑपरेशनची तारीख देऊ नये असं मला वाटतं. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की घरातल्या बायका ठामपणे ‘नाही’ म्हणतात. मग मी विचारते, ‘आणि मिश्री?’ मग शांतता. दात घासायची असली तरी मिश्री भाजलेला तंबाखूच. स्क्रूवर लाखभर घालून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणं म्हणजे भिंत बांधताना पाण्याची पाइप उघडी ठेवणं. वय साठच्या पुढे असेल तर हाडांच्या घनतेची तपासणीही करून घ्या. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही.

१८. ऑपरेशनशिवाय काही मार्ग?

तातडीची लक्षणं नसतील, म्हणजे प्रश्न ७ मधली, तर आहे. नियमित फिजिओ, नसेच्या दुखण्यावरची वेगळी औषधं, नसेच्या मुळाशी इंजेक्शन. त्या इंजेक्शनने आराम पडला तर दुखणं त्याच नसेचं आहे हेही कळतं, म्हणजे तो उपचारही आणि तपासणीही. नस बरी दिसते पण जळजळ जात नाही अशा मोजक्यांसाठी पाठीच्या कण्याजवळ बसवायचं विद्युत उत्तेजक यंत्र असतं. ते महाग आहे, म्हणून आधी काही दिवस तात्पुरतं लावून बघतात.

१९. दोन झाली, तिसरं सांगितलंय. करू का?

आधी पाठीवर झालेलं प्रत्येक ऑपरेशन पुढच्याची शक्यता वाढवतं. नसांची वाट मोकळी करण्याचं ऑपरेशन झालेल्या अमेरिकेतल्या वृद्धांत ४ वर्षांत पुन्हा करावं लागलेले, आधी कधीच न झालेल्यांत सुमारे ११ टक्के, आधी झालेल्यांत सुमारे १७ टक्के. म्हणून तिसऱ्याच्या वेळी मी एकच वाक्य लिहून मागायला सांगते: ‘नेमकं काय बिघडलंय, आणि ते दुरुस्त झाल्यावर माझं कोणतं दुखणं जाईल?’ ‘बघू उघडून’ हे उत्तर असेल तर उठा.

२०. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग म्हणाले, तपासणीत टीबी निघाला. पुन्हा ऑपरेशन?

बहुतेकदा नाही. मणक्याचा टीबी मुख्यतः औषधांनी बरा होतो, किमान वर्षभर न चुकता. नस दबली, मणका वाकला किंवा मोठा गळू झाला तरच सर्जरी. औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात, नोंदणी करून घ्या. ‘मला खोकला नाही, मग टीबी कसा?’ मणक्याच्या टीबीत खोकला असावाच लागत नाही.

२१. हाड जुळल्यावर स्क्रू काढून टाकावेत का? विमानतळावर मशीन वाजेल?

त्रास नसेल तर काढत नाहीत, उगाच एक भरती वाढेल. मशीन वाजलं तर लोहगावला हाताने तपासतील, जाऊ देतील.

२२. वारीत चालता येईल का?

हा प्रश्न जूनच्या आधी हमखास येतो. नुसती गादी काढली असेल तर काही महिन्यांनी, फिजिओने परवानगी दिली की. जोडणी झाली असेल तर हाड जुळायला सहा महिने ते वर्ष जातं, त्या वर्षी माउलींना घरूनच नमस्कार. पुढच्या वर्षी थोडं थोडं. माझी आई दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पुण्याहून पालखीसोबत निघाली, खांद्याला पिशवी न घेता. हडपसरपर्यंत चालली, तिथे भावाच्या गाडीत बसली आणि दिवे घाट खिडकीतून पाहिला. सासवडला उतरल्यावर पहिलं वाक्य: ‘पुढच्या वर्षी घाट पण.’ मी फिजिओला फोन लावला. ते म्हणाले, आधी एक्स-रे घेऊन या.